प्रेसमध्ये बोटं गेली, स्टॅम्प पेपरवर अंगठाही दिला : आता भरपाई मिळेल का?

एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांचा धाकटा भाऊ २५ वर्षांचा, बारावी झालेला. गाव अहमदपूरकडचं. भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेस शॉपमध्ये ठेकेदाराकडून कामाला होता, महिना १५,००० रुपये. ऑगस्ट २०२५ मध्ये पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर, उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. कंपनीने खासगी दवाखान्यात नेलं, ऑपरेशनचं बिल भरलं. पंधरा दिवसांनी ठेकेदार पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर मजकूर टाइप करून घेऊन आला: ‘चाळीस हजार मिळाले, यापुढे कंपनीविरुद्ध काहीही तक्रार करणार नाही.’ त्याखाली भावाचा अंगठा घेतला. आता जखम भरली आहे, पण गेटवर सिक्युरिटी आत सोडत नाही. ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं, कार्ड कधीच हातात आलं नव्हतं. विचारलं तर ‘काढायला टाकलंय’ एवढंच उत्तर. आणि दवाखान्याच्या केसपेपरवर लिहिलंय, ‘घरी दरवाज्यात हात सापडला.’ ताई विचारतात, अंगठा दिला म्हणजे सगळं संपलं का?

नाही संपलं. मी पुण्याच्या कामगार न्यायालयात बरीच वर्षं कामगारांच्या बाजूने उभा राहतो आहे. अशा प्रकरणांमध्ये कायदा सहसा कमी पडत नाही, कागद कमी पडतात. अपघातानंतरच्या पहिल्या आठवड्यात मालक किंवा ठेकेदार कामगाराचा हक्क विकत घेऊ शकत नाही, कायद्याने तो विकलाच जात नाही. पण तो हक्क ज्यांवर उभा राहतो ते कागद मात्र त्या आठवड्यात सहज फिरवता येतात. तुमच्या भावाच्या बाबतीत तेच झालं आहे. म्हणून आधी कागदांचं बोलतो, पैशाचं नंतर.

केसपेपरपासून सुरुवात करू. इमर्जन्सीत हात रक्ताने भरलेला असतो, पोरगं अर्धवट शुद्धीत असतं, आणि डॉक्टर विचारतात, कसं झालं? उत्तर कोण देतं? बरोबर आलेला सुपरवायझर. तो ‘घरी लागलं’ म्हणतो, डॉक्टर तेच लिहून घेतात. त्यात डॉक्टरांची लबाडी असतेच असं नाही. त्यांचं लक्ष रक्तस्राव थांबवण्याकडे असतं. पण त्या एका ओळीमुळे पुढे दोन गोष्टी घडत नाहीत. एमएलसी (मेडिको-लीगल केस) होत नाही, म्हणजे पोलिसांना कळवलं जात नाही. आणि अपघात कामावर झाल्याचा पहिला लेखी पुरावाच तयार होत नाही. वर्षभराने उलटतपासणीत कंपनीचा वकील तोच कागद साक्षीदाराच्या हातात देतो आणि म्हणतो, वाचा.

पण केसपेपरचं पहिलं पान म्हणजे दवाखान्याचं सगळं रेकॉर्ड नव्हे. उद्याच दवाखान्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात संपूर्ण इनडोअर पेपर्स मागा: भरतीची नोंद, ऑपरेशन नोट, नर्सिंग नोट, संमतीपत्र, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, बिलं आणि बिल भरल्याच्या पावत्या. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत हे कागद देणं डॉक्टरांच्या आचारसंहितेनेच बंधनकारक केलं आहे. ते हातात आले की घाई न करता वाचा. ऑपरेशन नोटमध्ये सर्जन जखमेचं वर्णन करतो. तिथे ग्रीस, ऑइल, धातूचे कण असे शब्द सापडतात, कारण जखम धुताना ते त्याला काढावे लागलेले असतात. घराच्या दरवाज्याला ग्रीस नसतं. दोन बोटं मुळापासून एकाच रेषेत जाणं हेही दरवाज्याचं काम नाही, एक्स-रे पाहून कोणताही हाडांचा डॉक्टर ते सांगेल. संमतीपत्रावर नातेवाईक म्हणून सही कुणाची आहे ते बघा, बहुतेक वेळा सुपरवायझरचीच असते. आणि बिल कुणाच्या खात्यातून भरलं? कंपनीच्या असेल, तर घरी दरवाज्यात बोटं गेलेल्या माणसाचं बिल कंपनीने का भरावं, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नसतं.

दुसरा कागद नोकरीचा. ठेकेदाराचा कामगार असला की ‘हा आमच्याकडे नव्हताच’ असं सांगायला कंपनी मोकळी होते. बँकेत जमा झालेला पगार, गेटपास, शिफ्टचा व्हॉट्सअॅप ग्रुप, ‘उद्या फर्स्टला ये’ असा सुपरवायझरचा मेसेज, युनिफॉर्ममधला फोटो, कॅन्टीनचं कूपन, यातलं जे काही असेल ते जपा. मोबाइल फॉरमॅट करू नका, विकू नका. ग्रुपमधून काढून टाकलं असेल तरी जुने मेसेज फोनमध्ये राहिलेले असतात. शेजारच्या मशीनवरच्या एखाद्या मित्राशीही बोला. तो आज नोकरीच्या भीतीने साक्षीला येणार नाही, हे मी गृहीत धरतो. पण सहा महिन्यांत प्रेस शॉपमधली निम्मी माणसं बदललेली असतात, आणि नोकरी सोडलेला माणूस बोलतो.

आता स्टॅम्प पेपर. लोक सगळ्यात जास्त याच कागदाला घाबरतात, आणि कायद्यात सगळ्यात कमी वजन याचंच आहे. कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम १९२३ चं कलम १७ स्पष्ट सांगतं की भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. मालक आणि कामगार यांच्यात रकमेची तडजोड होऊ शकते, पण तिचा मसुदा कलम २८ नुसार या कायद्याखालच्या भरपाई आयुक्तांकडे नोंदवावा लागतो. रक्कम अपुरी वाटली, किंवा फसवणूक, दबाव यांतून करार झाल्याचं दिसलं, तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. तुमच्या भावाचा कागद कुठेही नोंदवलेला नाही. चाळीस हजार खरोखर मिळाले असतील तर ते नाकारू नका, अर्जात स्वतःहून लिहा. फार तर ते अंतिम रकमेतून वजा होतील. दवाखान्याचं बिल मात्र वजा होणार नाही. उपचारापोटी मालकाने दिलेला पैसा भरपाई धरायचा नाही, हे कायद्यातच लिहिलंय, आणि २००९ च्या दुरुस्तीनंतर उपचारांचा प्रत्यक्ष खर्च देणं ही मालकाची वेगळी जबाबदारी आहे. ‘आम्ही एवढं बिल भरलं’ हे उपकार म्हणून ऐकून घ्यायचं कारण नाही.

त्या कागदावर सही नसून अंगठा आहे, याकडे माझं लक्ष गेलं. तुमचा भाऊ बारावी झालेला आहे, बँकेत सही करतो. मग अंगठा का? कारण उजवा हात पट्ट्यांमध्ये होता. म्हणजे तो लिहू शकत नव्हता, पगार बंद होता, औषधं चालू होती, अशा अवस्थेत हा कागद झाला, आणि त्याची साक्ष तोच कागद देतो. त्याची झेरॉक्स मिळाली नसेल तर ठेकेदाराला लेखी मागा. दिली नाही तरी हरकत नाही, पुढे तेच ती कोर्टात हजर करतील आणि तिचा उपयोग आपल्याला होईल.

इथून पुढे दोन वाटा फुटतात, आणि योग्य वाट निवडणं हे या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. एक वाट ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा अधिनियम १९४८. दुसरी १९२३ च्या अधिनियमाची. दोन्हीकडून भरपाई घेता येत नाही. कामगार ईएसआयच्या कक्षेत येत असेल तर कलम ५३ मुळे दुसरा दरवाजा बंद होतो.

‘पण कार्डच नव्हतं ना!’ हे वाक्य मला दर आठवड्याला ऐकू येतं. कार्ड असणं म्हणजे विमा असणं नव्हे. ज्या कारखान्यात १० किंवा जास्त माणसं काम करतात, ठेकेदाराची माणसं धरून, तिथे ईएसआय लागू होतं. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला प्रत्येक जण विमित ठरतो, आणि तो कामाला लागल्या दिवसापासून. मालकाने वर्गणी भरली नाही, नाव नोंदवलं नाही, तरी कामगाराचा हक्क जात नाही. ईएसआय महामंडळाने कामगाराला लाभ द्यायचा आणि मालकाकडून वसूल करायचा, अशी रचना आहे. कामावरच्या दुखापतीला अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अटही नाही. पहिल्या शिफ्टच्या पहिल्या तासाला बोट गेलं तरी तो विमित आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली हेच सांगितलं आहे. वर्गणी न भरणाऱ्या मालकाचा कामगारही विमित असतो, आणि म्हणूनच त्याला जुन्या भरपाई कायद्याकडे जाता येत नाही, असा तो निकाल आहे.

वर्णनावरून तुमच्या भावाचं प्रेस शॉप दहाच्या वर माणसांचं दिसतं. म्हणून पहिली वाट ईएसआयची. अपघाताचा अहवाल मालकाने पाठवायचा असतो. त्याने पाठवला नसेल, आणि बहुतेक पाठवलेला नसणारच, तर जखमी कामगार स्वतः ईएसआयच्या शाखा कार्यालयात लेखी सूचना देऊ शकतो. त्यात तारीख, वेळ, मशीन, सुपरवायझर, साक्षीदार, दवाखाना हे सगळं लिहा, नोकरीचे पुरावे जोडा आणि पोच घ्या. एक प्रत बिबवेवाडीच्या ईएसआय कार्यालयात द्या. आधी अपघात आणि मग नोंदणी असं दिसलं की महामंडळ चौकशी लावतं, निरीक्षक कारखान्यात जातो. त्या चौकशीला घाबरू नका. चौकशीत हजेरीचं रजिस्टर उघडलं जातं, हे आपल्या फायद्याचं आहे. अपघाताला आता सहा महिने होत आले. लाभाचा दावा वर्षाच्या आत गेलेला असावा, म्हणून या महिन्यातच हे काम करा.

महामंडळाने ‘हा आमच्या कक्षेत नाही’ असं कळवलं, तर ते लेखी घ्या. तोंडी नकार घेऊन परत येऊ नका. त्या लेखी नकारावर दुसरा दरवाजा उघडतो. १९२३ च्या अधिनियमाखालचा दावा अपघातापासून दोन वर्षांत दाखल करायचा असतो, म्हणजे तुमच्यासाठी ऑगस्ट २०२७ पर्यंत. सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. पुण्यात असे दावे कामगार न्यायालयाचे न्यायाधीश आयुक्त म्हणून चालवतात.

आता रक्कम. दोन्हीकडचा हिशेब मांडतो, म्हणजे चाळीस हजारांत काय विकत घेण्याचा प्रयत्न झाला ते दिसेल.

१९२३ च्या अधिनियमात कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम म्हणजे मासिक वेतनाचे ६० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला गुणांक. वेतनाची मर्यादा जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये आहे. २५ वर्षांना गुणांक २१६.९१. म्हणजे ९,००० गुणिले २१६.९१, एकूण १९,५२,१९० रुपये. एका हाताची दोन बोटं गेली तर परिशिष्टाप्रमाणे कमाईच्या क्षमतेतली घट २० टक्के. त्याचे झाले ३,९०,४३८ रुपये. महिनाभरात दिले नाहीत तर अपघाताच्या तारखेपासून साल १२ टक्के व्याज, म्हणजे वर्षाला सुमारे ४६,८०० रुपये, आणि समर्थनीय कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. शिवाय काम बंद होतं त्या काळासाठी दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के.

ईएसआयमध्ये एकरकमी गठ्ठा नाही. काम बंद असलेल्या काळात सरासरी रोजच्या वेतनाच्या ९० टक्के मिळतात. तुमच्या भावाच्या पगारावर ढोबळ ४५० रुपये रोज. त्यानंतर मेडिकल बोर्ड कमाईच्या क्षमतेत किती घट झाली ते ठरवतं आणि त्या टक्क्याने आयुष्यभर मासिक लाभ सुरू होतो. २० टक्के धरले तर रोजचे ९०, महिन्याला सुमारे २,७०० रुपये, आणि महागाई पाहून महामंडळ वेळोवेळी ते वाढवतं. उपचार, पुढची ऑपरेशनं, कृत्रिम बोटं यांचा खर्च वेगळा, तोही महामंडळाचा.

घरचे लोक गठ्ठ्याकडे ओढले जातात, ते मी समजू शकतो. डोक्यावर कर्ज असतं, बहिणीचं लग्न ठरलेलं असतं. तरीही २५ वर्षांच्या मुलासाठी महिन्याचा लाभच चांगला, असं माझं स्पष्ट मत आहे. गठ्ठा दोन वर्षांत संपतो. हात पुढची चाळीस वर्षं तसाच राहणार आहे. ज्या घरांत एकरकमी पैसा गेला त्या घरांतला मुलगा पुन्हा कुठेतरी कमी पगारावर हेल्पर म्हणून उभा दिसतो. म्हणून ईएसआय लागू असताना ‘ते टाळून जुन्या कायद्यात दावा टाकू, रक्कम मोठी दाखवता येईल’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. चार-पाच वर्षांनी हायकोर्टात कलम ५३ वर दावा पडला, तर तोपर्यंत ईएसआयची मुदतही निघून गेलेली असते.

‘त्याचीच चूक होती, गार्ड काढून काम करत होता’ असं कंपनी म्हणणारच. त्याचं उत्तर दोन्ही कायद्यांत आहे. भरपाईच्या कायद्यात कामगाराच्या निष्काळजीपणाने दावा जात नाही. दारू किंवा नशा, सुरक्षेचा स्पष्ट नियम मुद्दाम मोडणं, सुरक्षा साधन मुद्दाम काढणं, एवढेच अपवाद आहेत, आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तेही लागू होत नाहीत. यातला ‘मुद्दाम’ हा शब्द कंपनीला सिद्ध करावा लागतो. ईएसआयमध्ये तर मनाई मोडून केलेलं काम मालकाच्या धंद्यासाठी असेल तरी ती कामावरचीच दुखापत धरतात. प्रेस शॉपमध्ये प्रत्यक्षात काय होतं ते भावाला नीट विचारून लिहून ठेवा. दोन्ही हातांनी बटण दाबल्याशिवाय रॅम, म्हणजे प्रेसचा वरून आदळणारा भाग, खाली येऊ नये अशी सोय असते. टार्गेटसाठी ती बायपास करून पायाच्या पेडलवर मशीन चालवतात, म्हणजे एक हात पीस ठेवायला मोकळा राहतो. पीस अडकला की पोरं चिमट्याऐवजी बोटाने काढतात, कारण चिमट्याने काढलं तर तासाचा आकडा भरत नाही. आणि मग पेडल न दाबताही प्रेस दुसऱ्यांदा खाली येते. असं आधी कधी झालं होतं का? मेंटेनन्सला सांगितलं होतं का? बायपास कुणी केला, कुणाच्या सांगण्यावरून? तासाला किती पीस मागत होते? ही उत्तरं भावाच्या स्वतःच्या शब्दांत, तारखेसह, आत्ताच लिहून काढा. दोन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात हे तपशील आठवत नाहीत.

हेच निवेदन एमआयडीसी भोसरी पोलिस ठाण्यात आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या पुणे कार्यालयात द्या, तिथले अधिकारी म्हणजे आपण ज्यांना फॅक्टरी इन्स्पेक्टर म्हणतो ते. पोलिसांकडून लगेच काही होईल अशी आशा दाखवत नाही. पण ‘घरी दरवाज्यात’ या ओळीच्या विरुद्ध सरकारी शिक्क्याची एक नोंद तयार होते, आणि त्याच मशीनवर आज दुसरं कुणाचं तरी पोरगं बसलेलं आहे.

ठेकेदार की कंपनी, हा प्रश्न तुम्ही घाबरत विचारला आहे. दोघंही. १९२३ च्या अधिनियमाचं कलम १२ सांगतं की मूळ मालकाच्या धंद्याचं काम त्याच्या जागेत ठेकेदाराकडून करून घेतलं, तर कामगार थेट मूळ मालकाकडे भरपाई मागू शकतो. मालकाने मग ठेकेदाराकडून वसूल करावं. ईएसआयची वर्गणीही आधी मूळ मालकाने भरायची असते. दावा झालाच तर कंपनी, ठेकेदार आणि पॉलिसी असेल तर विमा कंपनी, तिघांनाही पक्षकार करा.

आता हाताचं. कागदांच्या मागे लागताना हे सुटतं आणि मग कितीही रक्कम मिळाली तरी भरून निघत नाही. ताईंनी लिहिलंय, ‘जखम भरली.’ जखम भरणं आणि हात चालणं यांत फार अंतर आहे. दोन बोटं गेल्यावर उरलेली दोन आणि अंगठा दुखण्याच्या भीतीने वापरले जात नाहीत, सांधे आखडतात, आणि काही महिन्यांनी ते मोकळे करणं कठीण होतं. फिजिओथेरपी टाके निघाल्यावर लगेच सुरू व्हायला हवी होती. ठेकेदाराच्या पैशातल्या उपचारांत ती जवळजवळ कधीच नसते, ड्रेसिंग संपलं की उपचार संपले. ईएसआयचा नंबर मिळाला की चिंचवडच्या मोहननगरच्या किंवा बिबवेवाडीच्या ईएसआय रुग्णालयात दाखवा. नंबर मिळेपर्यंत पिंपरीच्या वायसीएम किंवा पुण्याच्या ससून रुग्णालयाच्या ओपीडीत जा. तिथे केसपेपर काढताना भावाने स्वतः सांगायचं: भोसरीत कंपनीत पॉवर प्रेसवर अपघात, तारीख अमुक. लिहिलेलं वाचून मगच पुढे जायचं. खुंटाला नुसता स्पर्श झाला तरी झिणझिण्या येत असतील, गेलेलं बोट अजून आहे आणि दुखतंय असं वाटत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. मुलं हे लाजेने सांगत नाहीत. त्यावर उपचार आहेत, आणि ती नोंद बोर्डापुढे उपयोगी पडते.

बोर्डापुढे काय होतं तेही सांगतो. डॉक्टर हात पाहतात, मूठ करायला सांगतात, वस्तू पकडायला देतात, रिपोर्ट चाळतात. काही मिनिटांत होतं. तेवढ्या वेळात पोरगं ‘जमतंय साहेब’ म्हणून येतं, कारण अपंग दिसायची लाज वाटते किंवा पुन्हा कामावर घेतील अशी आशा असते. भावाला सांगा, खोटं काही बोलू नको, पण जे जमत नाही ते जमत नाही म्हणून सांग. नट धरता येतो का, पेन धरता येतं का, शर्टाचं बटण लागतं का, भरलेली बादली उचलता येते का. यातलं जे होत नाही ते आधी घरी लिहून घेऊन जा. टक्केवारी पटली नाही तर मेडिकल अपील ट्रायब्युनल किंवा ईएसआय कोर्टात अपील आहे.

२० टक्के हा परिशिष्टातला आकडा, पण मोजायची असते ती कमाईची क्षमता. सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींच्या पीठाने १९७५ साली एका सुताराच्या प्रकरणात हे दाखवून दिलं. त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. मालक म्हणत होता, हे अर्धवट अपंगत्व आहे. न्यायालयाने म्हटलं, सुतार एका हाताने सुतारकाम करू शकत नाही, म्हणून त्याच्यासाठी हे पूर्ण अपंगत्वच. रक्कम अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालात आहे. तुमचा भाऊ प्रेस ऑपरेटर, उजवा हात चालवणारा. तर्जनी, मधलं बोट आणि अंगठा यांच्या पकडीवरच त्याचं काम होतं. त्यामुळे घट २० पेक्षा जास्त आहे असं मांडायला जागा आहे. सगळे न्यायाधीश मान्य करतील असं वचन मी देत नाही, पण ते मांडायलाच हवं. सरकारी दवाखान्याचं दिव्यांग प्रमाणपत्र मात्र वेगळ्या निकषांवर निघतं. त्यावरचा आकडा कमी असला म्हणून हिंमत सोडू नका.

नव्या कायद्यांचं थोडक्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९२३ व १९४८ चे दोन्ही अधिनियम तिच्यात गेले. तुमचा अपघात त्याआधीचा, म्हणून हक्क जुन्या कायद्याने मोजला जाईल. नंतरच्या अपघातांना संहिता लागू, पण हिशेबाचा सांगाडा तोच आहे. घरून कामावर येता-जाता झालेल्या अपघाताचा कामाशी संबंध दिसत असेल, तर तो कामावरचाच धरायचा, हे संहितेत लिहून टाकलं आहे. जुन्या कायद्याखालीही सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२५ ला तेच म्हटलं. ते प्रकरण आपल्या उस्मानाबादचं, आताच्या धाराशिवचं. साखर कारखान्याचा रखवालदार पहाटे तीनच्या ड्युटीसाठी मोटरसायकलवरून निघाला आणि वाटेत गेला, २००३ साली. बावीस वर्षांनी त्याच्या घरच्यांच्या बाजूने निकाल लागला. चाकण, तळेगावकडे रात्रपाळीला दुचाकीवर जाणाऱ्या प्रत्येक घराला हे माहीत असायला हवं.

वकिलाची फी ही तुमची शेवटची काळजी. औद्योगिक कामगाराला विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ नुसार उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे साधा अर्ज करायचा. ‘मिळालेल्या रकमेत इतके टक्के माझे’ असं बोलणाऱ्या वकिलाला नम्रपणे नाही म्हणा. बार कौन्सिलच्या नियमांनीच तशी फी ठरवायला बंदी आहे.

भाऊ गावी परत जायचं म्हणतो, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. १९२३ चा दावा करायची वेळ आली तर तो राहतो त्या भागातल्या आयुक्तांकडे, म्हणजे लातूर जिल्ह्यातही दाखल करता येतो. त्या कारणाने पुण्यात अडकून राहायला नको. पण ईएसआयची चौकशी होऊन त्याचा जबाब नोंदवला जाईपर्यंत आणि फिजिओथेरपीची घडी बसेपर्यंत तरी त्याला इथेच ठेवा. गावी गेला की चौकशीची नोटीस भोसरीच्या खोलीवर येते, घरमालक परत पाठवतो, आणि ‘कामगार हजर नाही’ म्हणून फाइल बंद होते. अर्जावर गावचा आणि इथला असे दोन्ही पत्ते लिहा, तुमचा मोबाइल नंबरही द्या, आणि मूळ कागद कुणालाही देऊ नका, वकिलालासुद्धा झेरॉक्सच द्या.